जखऱ्याची पाटी

शनिवारी सकाळी चहा घेता घेता चष्मेवाल्यांनी बायकोला चौदा मुद्दे ऐकवायला घेतले आणि नवव्या मुद्द्यापाशी तिने मिक्सर लावला. तिचंही तसं चुकलं नव्हतं. सगळे मुद्दे तिच्याच विरुद्ध होते.

प्रकरण चर्चच्या हॉलचं होतं. चर्चचा गायनवृंद चष्मेवाल्यांची बायको चालवायची आणि तिला सरावासाठी शनिवारची संध्याकाळ हवी होती. तरुण संघ चालवायचे खुद्द चष्मेवाले, आणि शनिवारची संध्याकाळ गेली नऊ वर्षं त्यांची होती. सहा पोरांवर सुरू केलेला संघ आता बावीसवर गेला होता. आधी बायबल अभ्यास, मग खेळ, मग प्रार्थना आणि घरी. हॉल गेला तर संघाची रवानगी मागच्या खोलीत होणार होती. तिथे मोडके बाक रचून ठेवलेले, त्यामुळे बावीस जणांनी आत जायचं म्हटलं तर सहा जणांना बाहेर उभं राहावं लागलं असतं. संध्याकाळी सात वाजता पाळकसाहेबांच्या खोलीत कमिटी बसून याचा निकाल लावणार होती. तिथे बोलायला चष्मेवाल्यांना बोलावलं होतं.

खरी भीती तीच होती. चष्म्याच्या दुकानात त्यांची जीभ सोन्याची होती. नुसता स्क्रू आवळून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन चष्मे घेऊन हसतमुखाने बाहेर पडायचं. पण कमिटीपुढे हीच जीभ घात करायची. मागे त्यांनी टेबल टेनिसचं टेबल मागितलं आणि त्यावर चाळीस मिनिटं बोलले. टेबल मिळालं नाहीच, वर संघाच्या कपाटाची किल्ली कमिटीने काढून घेतली. त्याच्या पुढच्या वर्षी सतरंजी मागायला गेले आणि खेळाच्या वेळेतला अर्धा तास गमावून आले.

"आज फक्त दोन वाक्यं बोला," बायको म्हणाली. स्वतःच्याच विरुद्ध सल्ला देण्याइतकी ती सरळ होती.

"दोनच बोलणार आहे," चष्मेवाले म्हणाले आणि चौदा मुद्द्यांचा कागद घडी करून त्यांनी खिशात घातला.

पाच वाजता संघ भरला. त्या दिवशीचा अभ्यास जखऱ्यावर होता. म्हाताऱ्या जखऱ्या याजकाला देवदूत येऊन सांगतो की तुला मुलगा होणार, जखऱ्या हुज्जत घालतो आणि त्याची वाचा जाते. पुढे मूल जन्मल्यावर तो पाटी मागवतो, तिच्यावर मुलाचं नाव लिहितो, तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडतं. चष्मेवाल्यांनी ही गोष्ट पंचावन्न मिनिटं सांगितली. त्यातली वीस मिनिटं जखऱ्याने उगाच जास्त बोलायला नको होतं, यावरच गेली.

"दादा," मागून भोंगा म्हणाला. या मुलाचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जायचा, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत. "जखऱ्याला गप्प बसवायला देवदूत आला. तुमच्यासाठी कोण येणार?"

सगळे हसले. चष्मेवालेही हसले, पण त्यांना ते लागलं. त्यांनी खडू उचलला आणि दाराशेजारच्या फळ्यावर खेळाचे नियम लिहिले. खेळाचं नाव जखऱ्या. साडेसहापर्यंत कुणीही बोलायचं नाही. रविवारच्या शाळेतली एक पाटी मध्ये ठेवायची आणि ती सगळ्यांत मिळून एकदाच वापरायची. बाकी काही लिहायचं नाही. खाणाखुणा चालतील.

"आणि तुम्ही?" भोंग्याने विचारलं.

"मीपण खेळणार."

"तुम्ही? मग लागली पैज. तुम्ही आधी बोललात तर पुढच्या शनिवारपासून अभ्यास वीस मिनिटं. बाकी सगळा खेळ."

"आणि तुमच्यातलं कुणी बोललं तर पूर्ण तास अभ्यास. घड्याळाकडे बघायचं नाही."

सहा वाजता खेळ सुरू झाला. हॉलमध्ये पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. सहा वाजून चार मिनिटांनी एकाला शिंक आली. शिंक म्हणजे बोलणं की नाही यावर हातवाऱ्यांनी तुंबळ वाद झाला आणि शिंक माफ झाली. चष्मेवाल्यांच्या मनात तोवर शिंकेवर सात-आठ वाक्यं तयार झाली होती. ती त्यांनी गिळली.

सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन वाजला. सवयीने त्यांनी तो कानाला लावला.

"चष्मेवाले, पाळक बोलतोय. वकीलसाहेबांना लवकर जायचंय, म्हणून बैठक आत्ताच घेतोय. येताय ना?... हॅलो?... अहो, ऐकताय ना?"

चष्मेवाले ऐकत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. समोर भोंगा दोन्ही हात जोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. एक शब्द बोलले असते तर खेळ तिथेच संपला असता. वीस मिनिटांनी काय बिघडतं, असा हिशोब करून त्यांनी फोन बंद केला.

तिकडे पाळकसाहेब फोनकडे बघत राहिले. चष्मेवाल्यांनी फोन घेतला आणि ते बोलले नाहीत, असं आजवर घडलं नव्हतं. दहा मिनिटांत सगळी कमिटी हॉलच्या दारात हजर झाली. पुढे पाळकसाहेब, त्यांच्या मागे निवृत्त वकील, मग कमिटीच्या अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका बाई, आणि शेवटी गायनवृंदातर्फे चष्मेवाल्यांची बायको.

बावीस पोरं जमिनीवर रांगेत बसलेली. मध्ये कोरी पाटी. समोर चष्मेवाले, ओठ घट्ट मिटून.

"काय चाललंय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. भोंग्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि तो लाल होत चालला होता.

वकीलसाहेबांनी डोळे बारीक केले. दाराशेजारचा फळा त्यांच्या खांद्यालगत होता, पण चष्मा नसला की त्यांना माणसं आणि हातवारे कळायचे, अक्षर मात्र एकही लागायचं नाही. आणि चष्मा चार दिवसांपासून चष्मेवाल्यांच्या दुकानात "उद्या नक्की" या अवस्थेत पडला होता.

"आलं लक्षात," ते हळूच म्हणाले. "हे मौन आंदोलन आहे. पोरांना घेऊन बसलेत. माझा चष्मासुद्धा अडवून ठेवलाय, त्याचं कारण आत्ता कळलं."

चष्मेवाल्यांनी जोरजोराने मान हलवली, मग घड्याळाकडे बोट करून दहा बोटं दाखवली. दहा मिनिटं थांबा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

"दहा मिनिटांची मुदत देताहेत," वकीलसाहेब म्हणाले.

 बाई पोरांच्या बाजूला गेल्या, एक खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसल्या आणि समोर बघत राहिल्या. मग पर्स मांडीवर ठेवून म्हणाल्या, "बरं. मग काय द्यायचं म्हणता?"

पाळकसाहेब भांडणाला फार घाबरत. ते मागे सरकून भिंतीला टेकले. "हॉल अजून कुणाला दिलेला नाही हो. नुसता विचार चाललाय. असं करू, महिन्यातले दोन शनिवार तुमचे."

दोन शनिवार. नऊ वर्षांत कमिटीने आपण होऊन काही देऊ केल्याचं चष्मेवाल्यांना आठवत नव्हतं. आभार मानायला त्यांचं तोंड उघडलं. भोंगा आशेने गुडघ्यांवर उठला. तोंड मिटलं.

"दोनाला तयार नाहीत," वकीलसाहेब म्हणाले.

"मग तीन," पाळकसाहेब म्हणाले.

आता मात्र चष्मेवाल्यांना राहवेना. त्यांनी खिशातून चौदा मुद्द्यांचा कागद काढला. लगेच बावीस बोटं दाराशेजारच्या फळ्याकडे वळली. बाकी काही लिहायचं नाही, म्हणजे लिहिलेलं दाखवायचंही नाही, असा पोरांनी अर्थ लावला होता. चष्मेवाल्यांनी कागद निमूटपणे परत खिशात घातला.

"मागण्या परत घेतल्या," वकीलसाहेब हताश होऊन म्हणाले. "वर पोरं आपल्याला दार दाखवताहेत. बोलणी फिसकटली."

इतका वेळ बायको नुसती नवऱ्याकडे बघत होती. आंदोलन वगैरे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावला.

"ह्यांना बरं नाहीये. हे झोपेतसुद्धा बोलतात." मग खाली वाकून, आवाज उतरवून तिने विचारलं, "अहो, माझ्यावर रागावलात का? सकाळी मिक्सर लावला म्हणून?"

चष्मेवाल्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. सोळा वर्षांच्या संसारात तिच्या प्रश्नाला आपण उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं, आणि आज गप्प राहणं त्यांना फार जड गेलं.

"मला नको शनिवार," बायको कमिटीकडे वळून म्हणाली. "आम्ही शुक्रवारी गाऊ. सगळे शनिवार ह्यांना द्या आणि ह्यांना बोलतं करा."

एवढ्यात कोपऱ्यातून एक मुलगी उठली. ती इतकी हळू बोलायची की सगळे तिला हळूच म्हणत. वर्षभरात तिने आपण होऊन एकदाही काही मागितलं नव्हतं. ती मध्ये आली, तिने पाटी उचलली, सावकाश दोन अक्षरं लिहिली आणि पाटी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

पाटीवर लिहिलं होतं, "पंखा".

बिचारीला उकडत होतं. पाळकसाहेब भिंतीला टेकले तेव्हा त्यांच्या पाठीखाली बटण दाबलं जाऊन पंखा बंद पडला होता, आणि ते तिथून हलायला तयार नव्हते.

"काय लिहिलंय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नवा पंखा मागताहेत," पाळकसाहेब म्हणाले.

"देऊन टाका," बाई म्हणाल्या. "सगळे शनिवार तरुण संघाला, गायनवृंदाला शुक्रवार आणि हॉलला नवा पंखा. चला, लिहून काढू. ह्यांना उगाच अजून बसवून ठेवू नका."

कमिटी बाहेर पडली. बायको दारातून तीनदा मागे वळून बघत गेली. सहा एकोणतीस झाले होते.

"हॉल आपला!" भोंगा ओरडला.

एकवीस जणांनी कपाळाला हात लावला. घड्याळाचा काटा पुढे सरकला, साडेसहा वाजले आणि चष्मेवाले मोकळे झाले. पोरं वाट बघत होती. अर्ध्या तासाचं साठलेलं आता बाहेर पडणार, असं सगळे धरून चालले होते.

"अभ्यास चाळीस मिनिटं करू," चष्मेवाले म्हणाले. "आणि ते पंख्याचं बटण दाबा कुणीतरी."

घरी जाताना त्यांनी बायकोला सगळं खरं सांगितलं. ती रस्त्यातच थांबून हसली, मग थोडी रागावली, मग शुक्रवारच पक्का राहू दे म्हणाली. शुक्रवारी तिच्या गायकांपैकी तीन जणांना लवकर सुट्टी असायची, ते तिच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. पण चष्मेवाल्यांच्या मनाला टोचणी राहिलीच. बायबल शिकवणाऱ्या माणसाने गैरसमजावर हॉल मिळवायचा, हे काही खरं नाही. रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी वकीलसाहेबांच्या हातात दुरुस्त चष्मा ठेवला आणि बाईंना व्हरांड्यात गाठलं. खिशात नवा कागद होता. त्यावर अकरा मुद्दे होते.

"बाई, कालच्या प्रकाराबद्दल मला प्रथम हे स्पष्ट करायचंय की त्याला तशी तीन कारणं होती, त्यातलं पहिलं..."

"खेळ होता," बाई म्हणाल्या. "फळ्यावर लिहिलं होतं. खडू जरा जोरात दाबत जा, अक्षर पुसट येतं."

खिशातून कागद काढता काढता चष्मेवाले थांबले. "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"तीस वर्षं शाळा चालवली मी. बावीस पोरं अर्धा तास एका जागी गप्प बसलेली मला एकदाही बघायला मिळाली नाहीत. आणि तीही खुशीने. मी बसले होते ती बघायलाच." बाईंनी पर्स खांद्याला लावली. "असा माणूस मोडक्या बाकांच्या खोलीत पाठवायचा?"

"पण मग पंखा?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"मलाही उकडत होतं," बाई म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

चष्मेवाले अकरा मुद्द्यांचा कागद हातात घेऊन तिथेच उभे राहिले. भोंगा शेजारून जाता जाता थांबला, त्याने त्यांच्या मिटलेल्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "दादा, आज पण खेळ आहे का?"