बटन कुणाच्या हातात?

आमच्या गल्लीतल्या लिंबाजीअण्णांना तुम्ही रामराम घातलात, तर ते उलट रामराम घालत नाहीत. विचारतात, "बटन कुणाच्या हातात हाय?"

लाइट गेली की हाच प्रश्न. नळ कोरडा पडला की हाच. एकदा लग्नात वाजता बँड मध्येच थांबला, तर अण्णा पंगतीतून उष्ट्या हातानं उठले आणि बँडवाल्याला हेच विचारून आले. मग पुन्हा बसून बुंदी संपवली.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. "घंटीची दोरी माझ्या हातात व्हती," ते ऐकवतात. "पन वढायच्या आदी वरडायचो, नेकनूरवाले, उठा, पुडं या. न सांगता कुनाला उतरवलं न्हाई. ह्ये मोबाइलवाले सांगत्यात का?"

मोबाइल कंपन्यांवर त्यांचा काडीचा भरवसा नाही. चुन्याच्या जुन्या डबीत ते निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डं बाळगतात. एकीनं नाक मुरडलं की दुसरीचं घालायचं. एका सिमात भागत नाही का, असं मी विचारलं तर म्हणाले, "एका बैलावर कुनी नांगर धरतं का बे?"

मागं एका ॲपनं त्यांचं खातंच बंद केलं. कारण काय, तर 'संशयास्पद हालचाल'. अण्णा तडक माझ्या दुकानात. माझं दुकान खतांचं आणि बियाण्यांचं, पण अण्णांच्या लेखी ती कचेरी आहे. दुखरा गुडघा माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाले, "ह्यो बग. हालचाल व्हती कुटं?" मग कंपनीला फोन लावला. रेकॉर्ड केलेली बाई एक दाबा, दोन दाबा सांगत होती, आणि अण्णा तिला "ताई, आदी माजं आयका" म्हणून विनवत होते. शेवटी फोन माझ्याकडे दिला. "लई गर्विष्ठ बाई हाय." पुढं ते खातं आपोआप उघडलं. बंद का केलं आणि उघडलं का, हे काही कुणी कळवलं नाही.

एक मात्र होतं. दिवस कलला की अण्णा गच्चीवर जायचे आणि जिन्याच्या दाराला गच्चीकडून कडी घालायचे. म्हातारा रेंज धरतोय, असा माझा समज.

मग गेल्या साली जिल्ह्यात दगडफेक झाली, गाड्या पेटल्या, आणि सरकारनं अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद केलं. अण्णांनी डबीतली सगळी सिमं एकामागून एक घालून पाहिली. दुसऱ्या दिवशी बीड गाठून एका सरकारी हापिसात शिरले. साहेब म्हणाला, "वरून आदेश आहे."

"वरून म्हंजी कितव्या मजल्यावरून?"

साहेब हसला. अण्णा हसले नाहीत. त्या गुडघ्यानिशी जिना चढून थेट गच्चीपर्यंत जाऊन आले आणि साहेबाला म्हणाले, "वर तर नुसती पान्याची टाकी हाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात आले आणि त्यांनी प्रश्नच विचारला नाही. मी तिथंच चरकलो.

"भास्कर, गाडी काड. चौसाळ्याच्या पुडं हद्द वलांडली की धाराशिवची रेंज लागतीय म्हनं."

"अण्णा, साधा फोन तर चालू आहे. बोला की कुणाशी बोलायचंय ते."

"बोलून भागत न्हाई," ते म्हणाले, आणि मागच्या सीटवर बसलेसुद्धा.

काय सुटलो आम्ही! मांजरसुंब्यापासून हमरस्त्याला लागलो, तर पुढंमागं सगळ्या मोटारसायकली हद्दीकडेच. अण्णा माझा खांदा दाबत होते, "हाण, भास्कर, हाण." साठी उलटलेला माणूस शर्यतीत असल्यासारखा प्रत्येक ट्रकवाल्याला हात करत होता. मलाही चेव चढला, खोटं कशाला बोलू.

जिल्ह्याच्या पाटीपलीकडे नुसती जत्रा. कुणी परीक्षेचा अर्ज भरतोय, कुणी कांद्याचा भाव बघतोय, एकानं चहाचा स्टोव्हही मांडलेला. तीन दिवसांचे मेसेज एकदम आले आणि सगळे खिसे एका सुरात वाजू लागले. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

अण्णा सिम घालत होते. खाली बघतच म्हणाले, "माज्या मंगलला जल्मापासून आयकू येत न्हाई. शिरूर कासारला दिलीय. जावयासंगं ऊस तोडायला गेलीय, सांगलीकडं. तितं नेट चालू हाय. आपल्याकडची जाळपोळ तिनं फोनमदी बगितली. तवापून जेवंना. बाप बरा हाय, असं जावयानं हातानं सांगितलं, पन तिला तोंड बगायचंय."

फोन लागला. पडद्यावर ऊसतोड्यांची पाचटानं शाकारलेली कोपी दिसली आणि तिच्या दाराशी धुळीनं माखलेला एक चेहरा. तिनं हात वर केला आणि न दिसणारी दोरी दोनदा ओढली. डबल बेल.

"माजं नाव हाय त्ये," अण्णा मला म्हणाले, आणि बोलायचे थांबले. पुढं त्यांचे हात बोलू लागले. डोकं शाबूत, हात शाबूत. फोन माझ्याकडे देऊन ते गरकन फिरले आणि तिला पाठही दाखवली. दुखरा पाय उचलून दाखवला. बघे हसले. तीही हसली, मग पदरानं डोळे पुसू लागली. रोज कडी घालून गच्चीवर रेंज कसली धरली जात होती, ते आत्ता कळलं.

अण्णांनी पाच बोटं तोंडाशी नेली. ती आत गेली, भाकरी घेऊन आली आणि बापासमोर खायला बसली. अण्णा एकेक घास बघत होते. दिवस बुडाला, अंधारून आलं.

"भास्कर, लाइट लाव. तिला माजे हात दिसंनात."

मी किक मारली, हेडलाइटचं बटन दाबलं. अण्णा उजेडात सरकले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बंद करू नगं."

"नाही करत, अण्णा."

भाकरी अजून अर्धी उरली होती. मी गाडी चालूच ठेवली.