चिल्कापाताचा बंब

चिल्कापाता गावात आग लागत नाही, हीच गावाची मोठी अडचण होती. एवढ्या उंचावर हवा विरळ. काडी पेटते, जरा विचार करते आणि विझते. तरी गावाला सरकारी बंब होता. लाल, देखणा, दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर बसून आलेला. दर रविवारी लोक त्याला प्रेमाने पुसायचे आणि लग्नाचे फोटो त्याच्याच पुढ्यात निघायचे.

आता खाली सखल मुलखातल्या सांताक्रूझ शहरातून पेद्रासा साहेब तपासणीला येणार होते. उपयोग दिसला नाही, तर बंब खाली जाणार होता, जिथे रोज काही ना काही जळतं. बंबदलाचे कप्तान फोर्तुनातो यांची झोप उडाली. शेवटी त्यांनी ठरवलं, साहेबांसमोर आग लावायची आणि विझवून दाखवायची.

चौकात फळ्यांची झोपडी रचली. साहेब धापा टाकत आले आणि खुर्चीत कोसळले. कप्तानांनी काडी लावली, विझली. रॉकेल ओतलं, तर निळी ज्योत फळीवरून फिरून निघून गेली. मग सगळे जवान गुडघ्यांवर बसून फुंकर घालू लागले.

"पेटवताय की विझवताय?" साहेबांनी विचारलं.

"आधी पेटू दे, साहेब. विझवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही."

कप्तानांची बायको सातुर्निना मजा बघत होती. "व्हा बाजूला, कप्तान. घरची चूल कधी पेटवली असती, तर आज ही वेळ आली नसती."

तिने गोठ्यातल्या लामा जनावरांच्या वाळक्या लेंड्या आणि फुंकणी आणली. थोड्याच वेळात झोपडी धडधडून पेटली. गावाने टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्या हात शेकायला पुढे सरकल्या.

"बंब आणा," कप्तान गरजले.

बंबाने उचकी दिली आणि तो गप्प झाला. "डिझेल गारठलंय. खालून शेकावं लागेल," ड्रायव्हर एलोय म्हणाला. गावात विस्तव एकाच जागी होता. फावड्यांनी तो उचलून बंबाखाली लोटला. झोपडी लगेच विझली, आणि बंब धुरात दिसेनासा झाला.

"अहो, तुमचा बंबच पेटला की," म्हणत साहेब उठले आणि आडवे झाले. त्यांना उंची बाधली होती. त्यावर उतारा म्हणून दिलेला कोकाच्या पानांचा चहासुद्धा पोटात ठरेना.

"यांना खाली न्या, नाहीतर हातचे जातील," सातुर्निना म्हणाली.

साहेबांना बंबात घातलं. सातुर्निना आणि कप्तान दोन्ही बाजूंनी धरून बसले. गावाने धक्का मारून बंब उतारावर सोडला आणि घंटा बडवत तो सुटला. अर्ध्या घाटात जरा हवा लागताच इंजिन आपणहून सुरू झालं. खोऱ्यातल्या खानावळीपाशी पोचेपर्यंत साहेब ताठ बसून कोंबडीचं सूप मागत होते.

सूप संपल्यावर त्यांनी कप्तानांचे हात धरले. "हा बंब नसता तर मी मेलो होतो. बंब तुमचाच. आता त्याला कुणी हात लावणार नाही."

कप्तानांचे डोळे भरून आले. साहेबांना कडकडून भेटून ते बंबात चढले. बंब तीन वळणं चढला, त्याने उचकी दिली आणि तो घरंगळत पुन्हा खानावळीच्या दाराशी येऊन थांबला. मग पुन्हा तीन वळणं, आणि पुन्हा खानावळ.

"आता काय करायचं?" कप्तानांनी हळूच विचारलं.

"करायचंय काय?" सातुर्निना म्हणाली. "रविवारी पुसायला येऊ. आणि गावात आग लागली, तर तीच घेऊन येऊ खाली."