धोटा रेकॉर्ड्सचा एकमेव गायक

अन्याय माझ्यावर झालाय, आणि तो दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, आमची ‘कान वाचवा’ सभा ऐन रंगात असताना झालाय. यंत्रमागावरचा कामगार म्हातारा व्हायच्या आधी बहिरा का होतो, हे मी माईकवर घसा फोडून सांगत होतो. तेवढ्यात शेजारच्या शेडमधून रेडा हंबरल्यासारखा आवाज आला आणि माझे श्रोते खुर्च्यांसकट तिकडं गेले. आमच्या संघटनेची रेहाना हातातली पत्रकं माझ्याकडं देत म्हणाली, “भाई, पर्चा बाद में पढते. पैले गाना सुनने दो ना.”

तो रेडा म्हणजे व्यंकटेश. त्याच्या रॉक अल्बमचं त्या संध्याकाळी प्रकाशन होतं.

व्यंकटेश माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. बोलतो चारचौघांसारखा. शाळेत तर उंच पट्टीतली प्रार्थना त्याच्याशिवाय कुणाला झेपायची नाही. पण गिटार हातात आली की हा विहिरीच्या तळाशी जाऊन गातो. आमच्या मांडणीवरची भांडी चालायला लागतात. आईनं एकदा भूकंप समजून गॅस बंद केला होता.

अल्बम काढणारी कंपनीही त्याचीच. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यावरून नाव ठेवलंय ‘धोटा रेकॉर्ड्स’. मालक तो, गायक तो, पोस्टर चिकटवणारा शिपाई तोच. स्टुडिओ म्हणजे बापाची शेड. माग भंगारात गेले, भिंतींवर डागी चादरी टांगल्या. गाताना स्वतःही डोक्यावरून चादर घेतो, सर्दीची वाफ घेतल्यासारखी. पुण्याच्या एका कंपनीनं सांगितलं होतं, वरच्या पट्टीत गा, अल्बम आम्ही काढतो. ह्यानं नाही म्हटलं. असा ताठ कणा आमच्या संघटनेत एकालाही का नसावा?

गाणं संपलं की कसं वाटलं, असं विचारत नाही. “पोचलं का?” एवढंच. भिंत फोडून पोचलं, असं मी चिडून म्हणायचो आणि तो खूश व्हायचा.

बरं, गाण्याचे शब्द तरी काय? “हितं मी हाय, तितं कोण हाय?” संपलं. आता रिक्षावाले हेच गुणगुणतात. मी जागून लिहिलेल्या आठ पानी पुस्तिकेत मात्र भजी बांधली जातात.

दसऱ्याला आपट्याची पानं न घेता, निषेधाचं पत्रक घेऊन मी शेडवर गेलो. व्यंकटेशचे वडील, घरच्या तेलुगूत त्याचे ‘नान्ना’, मोठ्या स्पीकरला चिकटून बसले होते. आमच्या पुस्तिकेतले ‘कामगार क्रमांक चार’ ते हेच. उभं आयुष्य मागावर गेलं, दोन्ही कान गेले. त्यांचा तळहात स्पीकरच्या जाळीवर होता. व्यंकटेशनं एक गाणं लावलं, बंद केलं, दुसरं लावलं. म्हाताऱ्याचा अंगठा हळूच ठेका धरू लागला.

“हे आलं,” ते मोठ्यानं म्हणाले. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कुठं कळतो. “मगाचं बारीक होतं. न्हाय आलं.”

मी पत्रक खिशात घातलं. व्यंकटेश माझ्याकडं न बघता म्हणाला, “वरचा सूर नान्नाच्या हाताला लागत न्हाय, नेते. म्हणून सोडून दिला.”

मी ह्या माणसावर दीड पान लिहिलं होतं. ते त्यांना वाचून दाखवायचंही मला सुचलं नव्हतं, आणि दाखवलं असतं तरी त्यांना ऐकू कुठं येणार होतं? ह्यानं मात्र त्यांच्यासाठी आपला गळा बदलला. मला वाटलं होतं, हे कळल्यावर माझा जळफळाट थांबेल. वाढला.

तेव्हा मागणी सरळ तुमच्याकडं आहे. आधी आमच्या खुर्च्या परत आणून द्या. मग हा अल्बम लावा, पण कानात खुपसून नको. घरातला सगळ्यात मोठा स्पीकर काढा. घरात मागावर राबलेलं माणूस असेल तर त्याचा हात धरून जाळीवर ठेवा, आणि मोठ्यानं विचारा, पोचलं का.