चार नंबरच्या प्रेसचे भागधारक

आमच्या तात्यांच्या सह्या दोन. एक खरी, दुसरी कुरियरवाल्यासाठी. "खरी सही दारात वाटायला ती काय जिलबी हाय?" असं वर विचारतात. मी त्यांच्या चिखलीच्या इमारतीतला भाडेकरू. माझ्या भाडेकरारावर यातली कुठली केलीय, देव जाणे!

गॅसचा सिलिंडर आला की तात्या तो घरच्या काट्यावर चढवतात. मीटर बघायला येणाऱ्याचा फोटो काढतात. बारशाचं आमंत्रण आठ दिवस आधी आलं, तर "एवढी घाई का करत्यात?" म्हणून दिवसभर विचारात.

असा माणूस एका कंपनीचा भागधारक आहे. चाकणच्या त्या कंपनीत पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढतात. तात्या तिथेच प्रेसवर होते. मालकांनी एकदा कामगारांना थोडे शेअर दिले. बाकीचे विकून मोकळे झाले, तात्यांनी आपले पन्नास ठेवले. आणि दरवर्षी भागधारकांच्या सभेत ते अध्यक्षांना एकच प्रश्न विचारतात, "चार नंबरच्या प्रेसला गार्ड हाय का?" गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. अध्यक्ष म्हणतात, "आहे." तात्या म्हणतात, "फोटो दावा."

यंदा एका परदेशी कंपनीनं ही कंपनी घेतली. आता त्यांना ती शेअर बाजारातून काढून सगळेच शेअर स्वतःकडे हवेत. त्यासाठी छोट्या भागधारकांचं मत घ्यावं लागतं, म्हणून पत्र आलं. तात्यांनी ते भिंगातून वाचलं.

"'ऐच्छिक' चारदा लिव्हलंय. खरंच ऐच्छिक असतं तर एकदा लिहून भागलं असतं."

मत ऑनलाइन द्यायचं होतं, संध्याकाळी पाचपर्यंत. साडेचारला तात्या फोन घेऊन माझ्याकडे आले. ओटीपी आला आणि त्यांनी स्क्रीन तळव्यानं झाकली.

"अहो, टाका ना तो!"

"कोणालाही सांगू नका, असं लिव्हलंय."

"मला नका सांगू. त्या चौकटीत टाका."

"चौकट कुणाची? त्यांचीच ना?"

असे तीन ओटीपी वाया गेले. पाचला दहा कमी. माझं डोकंच फिरलं. "तुमच्या पन्नास शेअरनं काय फरक पडणार आहे? टाका विकून एकदाचे!" मी ओरडलो.

तात्या खाली बसले.

"शेअर गेलं की सभा गेली. मंग इचारू कुणाला?"

"एवढं काय आहे त्या प्रेसमध्ये?"

"सोपान आन् मी चार नंबरवर होतो. गार्ड नव्हतं. पत्रा अडकला. त्यो म्हणला, बंद हाय का? मी म्हणलो, व्हय. बघितलं न्हाई मी, राव. नुसतं म्हणलो. त्यानं माझ्यावर इश्वास ठेवून हात घातला. चार बोटं गेली."

मला ओरडल्याची लाज वाटली.

चौथा ओटीपी आला. तात्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत बसले. मी आकडे टाकले, 'विरोधात' निवडलं, बटण दाबलं.

"झालं का?"

'झालं' अगदी ओठावर आलं होतं. मी थांबलो. स्क्रीन शब्दन् शब्द वाचली, तात्यांनाही वाचायला दिली आणि मगच म्हणालो, "झालं."