दोन क्लचवाली सुमेधा

सुमेधा नाडकर्णी कोणाच्याही गाडीत बसली की पट्टा लावते आणि डोळे मिटते. नवख्या माणसाला वाटतं, बाई देवाचं नाव घेतेय. ती गिअर ऐकत असते. कोपऱ्यावरच्या राउंडअबाउटपर्यंत गाडी पोचली की डोळे उघडून निकाल देते. माझ्या नव्याकोऱ्या गाडीला मिळालेला निकाल असा होता: "तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना रुसते. बाकी संसार बरा आहे."

इथे परदेशात, स्कोफिल्ड्स नावाच्या उपनगरात, आमचं कुंपणाला कुंपण. सुमेधा पुण्यात गिअरबॉक्सच्या कारखान्यात इंजिनिअर होती. इथे महागड्या, वेगवान गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सचं सगळं खातं तिच्याकडे आहे. ज्या गाडीचं दुखणं कुणालाच सापडत नाही, ती शेवटी तिच्या दारात येते. हे मी ऑफिसात इतक्यांदा सांगितलंय की लोक मला पाहून डबा आवरतात. पण अशी बाई आपल्या गल्लीत राहते, ही मिरवायची गोष्ट आहे आणि मी मिरवतो.

तिच्या लेखी माणसांचे पंथ दोनच: ड्युअल क्लचवाले आणि साध्या ऑटोमॅटिकवाले. ती पहिल्या पंथातली, कडवी. जवळच्याच वेंटवर्थव्हिलला एका मुंजीच्या जेवणात तिने आमच्या टेबलाला शिकवलं. ड्युअल क्लच म्हणजे गिअर बदलायला पंगतीतले दोन वाढपी. एक आमटी वाढतोय तोवर दुसरा भात घेऊन तयार उभा. एकाचा हात उठला की दुसऱ्याचा पडतो, मध्ये खंड नाही. साध्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिन तेल घुसळणार आणि ते तेल चाकांना ढकलणार.

"म्हणजे नवरा-बायकोचा अबोला आणि निरोप सासूमार्फत," ती म्हणाली. "धक्का बसत नाही, पण मजाही नाही."

टेबलावरच्या एका सासूबाईंनी जिलबी परत ताटात ठेवली.

घरात ती आणि तिचे सासरे, आप्पा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर साताऱ्याच्या घराला कुलूप लावून तिने आप्पांना इथे आणलं. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक, ऐंशीच्या पुढचे, पाठीचे मणके झिजलेले. दुखतं असं मरेस्तोवर म्हणणार नाहीत. सुनेचा अभिमान इतका, की पेंडल हिलच्या भारतीय किराणा दुकानात तांदळाचं बिल होईस्तोवर दुकानदाराला दोन्ही क्लच समजावून झालेले असतात.

मागच्या वर्षी सुमेधाने ठरवलं, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या बऱ्या केल्या, आता एक आपली घ्यायची. लाल रंगाची, दांडग्या इंजिनाची आणि अर्थात ड्युअल क्लचची. टेस्ट ड्राइव्हला ती आम्हालाही घेऊन गेली. पुढे सेल्समन, मागे आप्पा आणि मी. मोटरवेवर तिने पाय दाबला आणि गिअर असे एकामागून एक पडत गेले की सेल्समन बोलायचा थांबला. सुमेधा चक्क गुणगुणत होती. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं.

मग मोटरवे सुटला आणि आम्ही सिग्नलच्या गर्दीत अडकलो. मुंगीच्या पावलांनी जायचं झालं की ड्युअल क्लच धरतो, सोडतो, पुन्हा धरतो आणि बारीकसा हिसका बसतो. मला तो जाणवलाही नाही. आप्पांनी मात्र दाराचं हँडल घट्ट धरलं होतं.

"आप्पा, कशी आहे?" तिने आरशातून विचारलं.

"फर्स्ट क्लास," आप्पा म्हणाले. "हीच घे."

तिचं गुणगुणणं थांबलं होतं.

पंधरवड्याने तिच्या दारात लाल गाडी आली. तितकीच दांडगी, पण दुसऱ्या कंपनीची, साध्या ऑटोमॅटिकची. मी कुंपणावरूनच विचारलं, हा धर्म कधी बदलला? तिने व्याख्यान दिलं. हल्लीच्या ऑटोमॅटिक किती सुधारल्यात, वेगात किती जवळ आल्यात, वेगवान गाड्या बनवणाऱ्या काही कंपन्याही कशा तिकडे वळल्यात. सगळं खरं होतं. मी मान हलवत राहिलो. मग ती थोडी जवळ आली.

"फिजिओला जातानाचा सगळा रस्ता ट्रॅफिकचा आहे रे," ती म्हणाली. "आप्पांना बोलू नकोस. त्यांच्यासाठी घेतली असं कळलं तर पाऊल ठेवणार नाहीत गाडीत."

आप्पांना सगळ्या लाल गाड्या सारख्याच. परवा पेंडल हिलला दोघं भेटले. आप्पा दुकानदाराला थेट फुटपाथवर घेऊन आले होते आणि काठीने गाडी दाखवत होते.

"बहू की है," आप्पा सातारी हिंदीत सांगत होते. "ड्युअल क्लच. झटका नाम को नहीं."

दुकानदाराने खात्रीसाठी सुमेधाकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली, आणि आप्पांसाठी दार उघडून धरलं.