रत्नाबाईंच्या हयातीचा फोटो

"अहो, उजेड आहे तोवर आईंना गॅलरीत बसवा आणि उरका," प्रतीक्षा चार वाजल्यापासून सांगत होती. सासऱ्यांमागे रत्नाबाईंना पेन्शन मिळायची, आणि हयातीचा दाखला भरायची आज शेवटची तारीख होती. मोबाइलच्या ॲपसमोर चेहरा धरायचा, पापणी लववायची, की माणूस जिवंत ठरत होता.

पण तिचा नवरा मनीष बोईसरच्या कारखान्यात सुपरवायझर असला, तरी मनानं फोटोग्राफर होता. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं कमी उजेडातल्या फोटोंवरचे एकूणएक व्हिडिओ पाहिले होते. "गॅलरीतल्या उन्हानं चेहऱ्यावर सावल्या पडतात. तुला त्यातलं कळत नाही," असं म्हणून तो संध्याकाळच्या मऊ प्रकाशाची वाट पाहत बसला. सहा वाजता मऊ प्रकाश आला, आणि सव्वासहाला लाइट गेली.

ॲप सांगू लागलं, उजेड कमी आहे. मनीषला उलट स्फुरण चढलं. त्यानं चष्म्याच्या फडक्यानं लेन्स पुसली. हात हलू नये म्हणून पिठाच्या डब्यावर मोबाइल टेकवला. निळी भिंत उजेड खाते म्हणून अंथरुणावर बसलेल्या आईच्या मागे पांढरी चादर लावली. उशाशी समई पेटवली आणि तिचा उजेड तोंडावर पडावा म्हणून परात उभी केली.

"मोबाइलची बॅटरी लाव की रं," रत्नाबाई म्हणाल्या.

"आई, समोरून बॅटरी मारली की चेहरा सपाट येतो."

"आता ह्या वयात सपाट आला काय नि गोल आला काय!"

"तू डोळे मिटून पड. मी सांगितलं की उघड. तोवर अजिबात हलू नकोस."

रत्नाबाई लेकाचं ऐकणाऱ्या होत्या. उशीला टेकून त्यांनी डोळे मिटले, आणि पाच मिनिटांत त्यांना गाढ झोप लागली. मनीष गुडघ्यांवर बसून, मान खाली घालून डब्यावरच्या मोबाइलशी झटत होता.

एवढ्यात तारापूरहून बोंबील विकायला येणारी कमळी कोळीण दारात उभी राहिली. तिनं चादर पाहिली, समई पाहिली, न हलणारी म्हातारी पाहिली आणि पायाशी वाकलेला मुलगा पाहिला.

"आगो बाय! काकी गेली गो!" टोपली खाली ठेवून तिनं गळा काढला.

अख्खी बिल्डिंग वर धावली. मनीषनं मान न वळवता हात वर केला. "थांबा! कुणी पुढे येऊ नका!"

"लई धक्का बसलाय त्यांना," तळमजल्यावरचा रामकिसन हळू आवाजात म्हणाला आणि जिन्यात जाऊन त्यानं शववाहिनीला फोन लावला. प्रतीक्षा स्वयंपाकघरातून "अहो, झोपल्यात त्या!" असं ओरडत आली. पण अशा वेळी सुना असंच काहीबाही बोलतात, म्हणून दोन बायकांनी तिलाच धरून खाली बसवलं. बाकीच्यांनी शेवटचं दर्शन घ्यायला आपापल्या मोबाइलच्या बॅटऱ्या लावल्या. पंधरा-वीस झोत एकदम रत्नाबाईंच्या तोंडावर पडले.

रत्नाबाईंनी डोळे उघडले. एवढी रडणारी माणसं पाहून त्या घाबरल्या आणि दोनदा पापण्या मिचकावून म्हणाल्या, "कोण गेलं?"

कमळी किंचाळली. आणि डब्यावरच्या मोबाइलनं टिंग केलं. दाखला मंजूर झाला होता.

जिन्यातून रामकिसनचा आवाज आला, "हां भाऊ, गाडी नको. न्हाई न्हाई, दुसरी गाडी न्हाई केली. बाई उठल्या."

माणसं हसत, डोळे पुसत पांगली. कमळी मात्र टोपली कवटाळून बसून राहिली, म्हणून रत्नाबाई स्वतः उठल्या आणि त्यांनी तिला पाणी दिलं.

रामकिसन घुटमळत मनीषपाशी आला. "मनीषभाऊ, माझ्या आईचाबी दाखला राहिलाय. तिच्या खोलीत दिवसासुद्धा अंधार असतोय."

मनीषची कळी खुलली. "त्यात काय! मी येतो ना. चादर आहे?"

"नगं, तुम्ही कशाला तरास घेता," रामकिसन संकोचून म्हणाला. "कमळीताई जरा सावरल्या, की तेवढं त्यांना खाली पाठवा."