पाणमांजराच्या पोराची पाण्याची सहल

एका जंगलात, पोरांनो, पोरं जंगलातच राहायची. दुसरीकडं कुठं राहणार? तरी त्यांच्या शाळेनं ठरवलं, की पोरांना जंगल दाखवायला न्यायचं.

हसू नका. तुमच्या आयांनीसुद्धा फॉर्म भरलेत.

तर त्या जंगलात एका ओढ्याकाठी हौसाबाई नावाची पाणमांजर राहायची. तिला एकच पोरगा, चिंगळ्या. आता पाणमांजराचं पोर म्हणजे जन्मताच पोहतं, असं तुम्हाला वाटत असेल. चूक. त्याला पाण्याची भीती वाटते. मग आई एक दिवस त्याची मानगूट धरते, पाण्यात नेते आणि सोडून देते. पोर रडतं, पाणी पितं, आईला शिव्या देतं आणि पोहायला लागतं. त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या असंच चाललं होतं.

आणि पोहता यायलाच लागायचं. कारण उन्हाळ्यात ओढा आटायचा. मग नदी ओलांडून पलीकडच्या डोहावर राहायला जायचं, नाहीतर उन्हात होरपळून मरायचं. चिंगळ्या आता तोंडात धरून न्यायच्या मापाचा राहिला नव्हता.

त्याचा दिवस जवळ आला आणि शाळेत पालकसभा झाली. मुख्याध्यापिका होत्या साळिंदर मॅडम. बोलल्या की काटे फुलायचे, म्हणून समोरच्या रांगेत कुणी बसत नसे. मॅडम म्हणाल्या, पोरांनी निसर्ग पुस्तकात वाचायचा नाही, अनुभवायचा. त्यासाठी सहल. आणि पाणमांजरांनी खास लक्ष द्यायचं.

"पिल्लू सहलीला कोरं आलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "घरी एकदा जरी बुडवलंत, तरी अनुभव उष्टा झाला."

हौसाबाई जरा कचरली. पण शेजारी टिटवी बसली होती. टिटवीला पाण्याशी काय देणंघेणं? तरी ती मान वाकडी करून म्हणाली, "आमची जाणार हो. तुमचं काय, घरचंच पाणी."

झालं. हौसाबाईनं तिथंच अंगठा उठवला.

घरी नवरा म्हणाला, वेडी आहेस का, आजच ढकलू त्याला.

"तुम्ही गप बसा," हौसाबाई म्हणाली. "तुम्हाला कुठल्या शाळेनं शिकवलंय?"

नवऱ्याला खरंच कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं. तो नुसता पोहायचा.

त्या दिवसापासून चिंगळ्याला पाण्यापासून लांब ठेवलं. त्याला पानानं पुसून काढायचे. मासासुद्धा उन्हात सुकवून द्यायचे. पाऊल ओलं झालं तर हौसाबाई त्याला फटका द्यायची आणि पाऊल फुंकून वाळवायची. पाणमांजराचं पोर, आणि अंगाला उंदराचा वास यायला लागला.

सहलीचा दिवस उजाडला. गव्याची गाडी आली. गाडीला चारी बाजूंनी पडदे, कारण वाटेतलं जंगल पोरांना आधीच दिसलं असतं तर मुक्कामाला काय दाखवणार? सहल नेणारा होता एक ससा. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. त्याला सगळे सर म्हणायचे.

गव्यानं गाडी डोंगराभोवती फिरवली. पुन्हा फिरवली. निसर्ग लांब असावा लागतो, जवळच्या निसर्गाला कोण विचारतो? पोरं ओकली. सशानं त्यांचे ओकतानाचे फोटो काढले आणि पालकांना पाठवले. खाली लिहिलं, प्रवासाचा थरार.

दुपारी पडदे उघडले. समोर नदी. आपलीच, ओढ्याच्या तोंडाशी. आणि नदीत हौसाबाई मासे धरत होती.

"आई," चिंगळ्या ओरडला.

सशानं शिट्टी मारली. "हाक मारायची नाही. त्या स्थानिक आहेत. लांबून निरीक्षण करा."

आणि पोरांनो, हौसाबाईनं काय केलं असेल? तिनं तोंड फिरवलं. लेकराचा अनुभव उष्टा होऊ नये म्हणून आई ओळख न दाखवता मासे धरत राहिली. टिटवीचं पोर तिच्याकडं बघून चित्र काढत होतं.

मग पाण्याचा अनुभव झाला. सशानं एक पान नदीत बुडवलं आणि दोरीमागं उभ्या पोरांच्या कपाळावर एकेक थेंब टेकवला. मग गोल बसवून विचारलं, कसं वाटलं?

"ओलं," चिंगळ्या म्हणाला.

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्याला प्रमाणपत्र मिळालं. जलसाहसवीर. केळीच्या पानाएवढं, लॅमिनेट केलेलं. मॅडम बचत कशात करायच्या ते सांगत नाही, पण लॅमिनेशनमध्ये करत नसत.

पुढं ओढा आटला. माशांचे काटे उघडे पडले. हौसाबाई चिंगळ्याला नदीवर घेऊन गेली आणि म्हणाली, चल.

चिंगळ्या काठावर उभा राहिला. प्रमाणपत्र काखेत.

"आधी शिट्टी मार," तो म्हणाला. "मग कपाळावर थेंब. मग टाळ्या."

हौसाबाईनं मानगूट धरली आणि ढकललं. फार उशिरा ढकललं, बाई.

चिंगळ्या बुडाला. नुसते बुडबुडे आले. मग तेसुद्धा येईनात. हौसाबाईनं उडी मारली, नवऱ्यानं मारली. धारेला ओढ होती. दोघं तळ चाचपत राहिली, हाताला वाळूच लागत होती.

आणि मधोमध प्रमाणपत्र भसकन वर आलं. चिंगळ्यानं ते सोडलं नव्हतं. बुडतानासुद्धा सोडलं नव्हतं. तो त्यावर पालथा पडला होता, खोकत होता. धारेनं प्रमाणपत्र फिरवलं, गरगरवलं आणि पलीकडं डोहात नेऊन लावलं.

संध्याकाळपर्यंत मॅडम आणि ससा हजर. फोटो झाले. मॅडम म्हणाल्या, आमची सहल नसती तर हे मूल आज नसतं. खरंच होतं ते.

चिंगळ्या अजून डोहात त्याच प्रमाणपत्रावर पडून असतो. पोहायला शिकला नाही. वीर कशाला शिकेल? आई मासा आणून तोंडात देते. हल्ली मात्र हौसाबाईला झोप नाही. प्रमाणपत्राचा एक कोपरा उकललाय आणि आत पाणी शिरतंय. म्हणून तिनं पुढच्या सहलीला चिंगळ्याचं नाव सगळ्यांच्या आधी घातलं. मॅडमपुढं हात जोडून एवढंच म्हणाली, "अनुभव नाही दिला तरी चालेल. प्रमाणपत्र तेवढं जाड द्या."

तात्पर्य : लेकराला पोहायला शिकवून त्याचा अनुभव उष्टा करू नये. आईनं रोज सकाळी उठून कोपरे चिकटवत जावेत.